टाइपची जागा कोरी सोडू नका

‘वॉर्निंग आहे, एरर नाही. प्रोग्राम चालतोय ना? मग पुढे चला.’ तालुक्याच्या गावात जावा शिकणाऱ्या मुलाला हे उत्तर इतक्यांदा ऐकावं लागतं, की थोड्याच दिवसांत तो विचारायचंच सोडून देतो. कंपायलरने त्याला बजावलेलं असतं, की या फाइलमध्ये न तपासलेल्या, असुरक्षित गोष्टी चालल्या आहेत. त्यामागचं कारण पुष्कळदा अगदी साधं असतं. जेनेरिक इंटरफेस इम्प्लिमेंट करताना मुलाने कोनी कंसातला टाइप लिहिलेलाच नसतो. ‘पुढे चला’ म्हणणारी माणसं आळशी नाहीत, वाईट तर मुळीच नाहीत. त्यांचं तसं ठाम मत आहे, आणि माझा राग त्या मतावर आहे.

ते मत असं. जेनेरिक्स हा लायब्ररी लिहिणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा विषय आहे. वैजापूरच्या पोराला बीसीए किंवा बीएस्सी करून संभाजीनगरात नाहीतर पुण्यात पहिली नोकरी धरायची आहे. ‘ऑब्जेक्ट’ घेऊन कास्ट करता आलं की त्याचं भागतं. रन टाइमला जावा टाइप पुसूनच टाकते, मग ते लिहायचे कशाला? शिवाय नेमका टाइप लिहिला की क्लास त्याला बांधला जातो आणि लवचीकपणा संपतो. आणि लॅम्बडा आल्यापासून इंटरफेससाठी वेगळा क्लास लिहितंय तरी कोण?

यातला एकही मुद्दा टिकत नाही. ‘वैजापूरच्या पोराला’ हा त्यातला सगळ्यात वाईट, म्हणून तो शेवटी घेतो.

उदाहरण इथलंच घेऊ. बाजार समितीत लिलाव झाला, वजन झालं, की शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी पडते. त्यावर माल, वजन, क्विंटलचा भाव, हमाली-तोलाई वजा आणि हाती येणारी रक्कम असते. अशा पट्ट्यांची नोंद ठेवणारा लहानसा प्रोग्राम मुलाला लिहायला दिला, तर त्यात एक क्लास येईल ‘कांदापट्टी’ आणि दुसरा ‘मकापट्टी’. (जावात क्लासचं नाव देवनागरीत ठेवता येतं, भाषेने पहिल्यापासून युनिकोड मानलेलं आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला ही गोष्ट पहिल्याच तासाला कळायला हवी.) पट्ट्या भावाच्या क्रमाने लावायच्या असतील, तर कांदापट्टीने ‘कम्पेरेबल’ हा इंटरफेस इम्प्लिमेंट करायचा. त्यात मेथड एकच आहे, ‘कम्पेअरटू’. मी समोरच्यापेक्षा लहान, मोठा की बरोबरीचा, एवढंच तिने सांगायचं.

आता ‘समोरचा’ कोण, हा खरा प्रश्न आहे. कंस न लावता नुसतं ‘कम्पेरेबल’ लिहिलं, तर समोरचा ‘ऑब्जेक्ट’, म्हणजे कोणीही. मग मुलगा मेथडच्या आत त्याला जबरदस्तीने कांदापट्टी बनवतो, भाव काढतो आणि तुलना करतो. हे कंपाइल होतं. लॅबमध्ये पाच कांदापट्ट्या घालून बघितल्या की सुरळीत चालतं आणि गुण मिळतात. उन्हाळी कांद्यावर तपासलेल्या त्याच प्रोग्राममध्ये दिवाळीच्या सुमारास मका सुरू झाला आणि त्याच यादीत एक मकापट्टी शिरली, की सॉर्ट करताना ‘क्लासकास्टएक्सेप्शन’ येतं. तेव्हा लिहिणारा मुलगा गावात नसेल. खिडकीपाशी ट्रॅक्टर उभा करून आलेला शेतकरी असेल आणि आत गोंधळलेला कारकून असेल. चूक लिहिणाऱ्याची, आणि तिची किंमत चुकवणारा भलताच कोणी, हे ‘चालतंय ना’ म्हणणाऱ्यांच्या हिशोबात कधी धरलेलं असतं का? टाइपची जागा कोरी सोडणं म्हणजे रक्कम न लिहिता चेकवर सही करणं आहे. आज काही बिघडत नाही म्हणून ती सही शहाणपणाची ठरत नाही.

आता ‘कम्पेरेबल<कांदापट्टी>’ असं लिहा. मेथडचा पॅरामीटर कांदापट्टीच असतो, कास्ट करावं लागत नाही, भाव थेट हाताशी येतो. मकापट्टीशी तुलना करायची ओळ कोणी लिहिली, तर कंपायलर त्या ओळीवर बोट ठेवतो. यादीही ‘लिस्ट<कांदापट्टी>’ असली तर मका तिच्यात जातच नाही. जी चूक दिवाळीत खिडकीवर कळली असती, ती लिहिणाऱ्याला लिहिताक्षणीच कळते. दोन्हींत फरक कंसातल्या एका शब्दाचा आहे.

शिकताना मुलं इथे ज्या खड्ड्यांत पडतात, ते त्यांना नीट दाखवून देणं हेच शिकवणाऱ्याचं काम. कंस न लावता मुलाने ‘कम्पेअरटू’ला कांदापट्टी दिली, तर कंपायलर म्हणतो, ‘ऑब्जेक्ट’ घेणारी मेथड कुठे आहे? उलट कंसात कांदापट्टी लिहून मेथडला ‘ऑब्जेक्ट’ दिला, तरीही तो नाकारतो. दोन्ही एरर बरोबर आहेत. इंटरफेसने जे कबूल केलं आणि क्लासने जे पाळलं, ते जुळत नाही, एवढंच कंपायलर सांगत असतो. पण त्याचं म्हणणं समजावून न देता ‘दोन्हीकडे ऑब्जेक्ट करून टाक’ असं सांगितलं जातं, आणि मुलाच्या मनात बसतं की कंपायलरला कसंतरी गप्प करायचं असतं.

याहून फसवी चूक पुस्तकातला ‘टी’ जसाच्या तसा उतरवण्याची. ‘क्लास कांदापट्टी<टी> इम्प्लिमेंट्स कम्पेरेबल<टी>’. दिसायला हे अगदी व्यवस्थित वाटतं. पण मेथडच्या आत त्या ‘टी’बद्दल कंपायलरला काहीच ठाऊक नसतं, त्याला भाव आहे की नाही हेही नाही. म्हणजे पुन्हा कास्ट आलं आणि पुन्हा तोच धोका. एखादा मुलगा ‘क्लास पेटी<स्ट्रिंग> इम्प्लिमेंट्स कम्पेरेबल<स्ट्रिंग>’ लिहितो आणि समजतो की आपण स्ट्रिंगसाठी क्लास लिहिला. वास्तविक क्लासच्या नावापुढच्या कंसात जे येतं ते नवं, रिकामं नाव असतं. तिथला ‘स्ट्रिंग’ हा जावाचा स्ट्रिंग राहतच नाही, तो ‘टी’सारखाच एक अनोळखी टाइप होतो. नेमका टाइप द्यायचा तो इंटरफेसच्या कंसात. क्लासच्या नावापुढे कंसच नको. एवढी गोष्ट फळ्यावर दहा मिनिटांत समजावता येते. ती न समजावता ‘जेनेरिक्स अवघड आहे’ असं म्हणायचा अधिकार कोणालाच नाही.

कंस न लावलेलं लिखाण जावा चालवून का घेते, हेही सांगायला हवं. ‘जावाच परवानगी देते’ हा या मंडळींचा आवडता आधार आहे. कम्पेरेबल आणि कलेक्शन्स आले 1998 च्या डिसेंबरात, जावा 1.2 बरोबर, तेव्हा जेनेरिक्स नव्हते. त्याच वर्षी गिलाड ब्राचा, मार्टिन ओडर्स्की, डेव्हिड स्टाउटामायर आणि फिलिप वॉडलर या चौघांनी ‘जेनेरिक जावा’ नावाची रचना मांडली. तिच्यावर उभे राहिलेले जेनेरिक्स भाषेत आले 30 सप्टेंबर 2004 रोजी, जावा 5 मध्ये. मधल्या वर्षांत जगभर लिहिला गेलेला कोड एका रात्रीत मोडू नये, म्हणून कंसाशिवायची जुनी पद्धत चालू ठेवली गेली. भाषेच्या अधिकृत तपशिलात स्पष्ट नोंद आहे की ही सवलत जुन्या कोडसाठी आहे, नव्या कोडमध्ये ती वापरू नये, आणि पुढे ती काढूनही घेतली जाऊ शकते. जावाची कलेक्शन्स ज्याने रचली, त्या जोशुआ ब्लॉकनेही आपल्या ‘इफेक्टिव्ह जावा’त हाच स्वतंत्र धडा दिला आहे. आज लॅबमध्ये बसलेल्या मुलांपैकी कितीतरी जण 2004 नंतर जन्मलेले आहेत. त्यांच्या जन्माआधीच्या कोडसाठी ठेवलेली सवलत त्यांना पद्धत म्हणून शिकवायची, याचं समर्थन कोणत्या तोंडाने करणार?

पुढचा मुद्दा जाणकारांचा, म्हणून त्यावर थांबायला हवं. ‘रन टाइमला टाइप पुसले जातात, मग लिहून फायदा काय?’ अर्धं ज्ञान फार ठामपणे बोलतं, त्याचा हा नमुना. काय पुसलं जातं ते आधी बघा. ‘लिस्ट<कांदापट्टी>’ अशी यादी तयार केली, तर चालू प्रोग्राममध्ये त्या यादीला स्वतःचा कंस आठवत नाही. हे खरं आहे. पण क्लासच्या पहिल्या ओळीत ‘इम्प्लिमेंट्स कम्पेरेबल<कांदापट्टी>’ असं जे जाहीर केलं, ते क्लास फाइलमध्ये नोंदलेलं राहतं. ‘गेटजेनेरिकइंटरफेसेस’ ही मेथड बोलावून बघा, कांदापट्टी तिथे नावानिशी उभी असते.

आणि पुसण्याच्या वेळी कंपायलर काय करतो ते या मंडळींनी एकदा ‘जावापी’ चालवून डोळ्यांनी बघावं. कांदापट्टीत तुम्ही ‘कम्पेअरटू’ एकच लिहिलेली असते, क्लास फाइलमध्ये दोन दिसतात. दुसरी कंपायलरने स्वतः लिहिलेली, ‘ऑब्जेक्ट’ घेणारी. ती आलेल्या वस्तूला कांदापट्टीत कास्ट करते आणि तुमच्या मेथडला बोलावते. हिलाच ब्रिज मेथड म्हणतात. म्हणजे जे कास्ट मुलांकडून हाताने लिहून घेतलं जातं, ते कंपायलर न चुकता, दर वेळी, स्वतःच लिहून देतो. त्यासाठी त्याला फक्त नेमका टाइप कळायला हवा. मग ‘लिहून फायदा काय’ या प्रश्नाला अर्थ काय उरला?

उद्योगातला रोजचा कोड तर याच्यावरच उभा आहे. स्प्रिंग डेटा वापरणारा प्रोग्रामर ‘जेपीएरिपॉझिटरी<शेतकरी, लाँग>’ पुढे नेणारा इंटरफेस लिहितो, आत एकही ओळ लिहीत नाही, आणि प्रोग्राम सुरू होताना स्प्रिंग त्याचा चालता क्लास बनवून देते. कोणत्या टेबलाशी बोलायचं आणि किल्ली कोणत्या टाइपची, हे ती त्या कंसातून वाचते. कंस कोरा सोडा, तिला वाचायला काही उरणार नाही. डेटाबेसमधली किंमत आपल्या टाइपमध्ये बदलणारा ‘ॲट्रिब्यूटकन्व्हर्टर’ही दोन नेमके टाइप देऊनच लिहितात. ज्या पुण्याच्या नोकरीसाठी ‘एवढं खोल नको’ म्हणतात, त्या नोकरीचा पहिलाच दिवस यातच जातो.

लवचीकपणाच्या मुद्द्यात काही तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. ‘अरेलिस्ट<ई>’ने ‘लिस्ट<ई>’च इम्प्लिमेंट करायला हवं, कारण तिच्यात काय भरायचं ते वापरणारा ठरवणार. पण कांदापट्टीत उद्या काय भरणार आहात? तिचा विषय ठरलेला आहे, तिच्यावर ‘टी’ लादणं म्हणजे न घेतलेला निर्णय कोडमध्ये लपवणं. दुसरी अडचणही खरी आहे. एकाच क्लासला ‘कम्पेरेबल<कांदापट्टी>’ आणि ‘कम्पेरेबल<मकापट्टी>’ दोन्ही होता येत नाही, पुसल्यावर दोन्ही एकच इंटरफेस उरतो. जावाच्या स्वतःच्या घरात याचा त्रास दिसतो. ‘डेट’ने ‘कम्पेरेबल<डेट>’ घेतल्यामुळे तिच्यातून निघालेल्या ‘टाइमस्टॅम्प’ला ‘कम्पेरेबल<टाइमस्टॅम्प>’ होता आलं नाही. जावा 8 मधली ‘लोकलडेट’सुद्धा ‘कम्पेरेबल<क्रोनोलोकलडेट>’ आहे, स्वतःच्या नावाची नाही.

पण म्हणून यांचं सॉर्टिंग अडलं का? नाही. ‘कलेक्शन्स.सॉर्ट’ची घोषणा वाचा. तिथे ‘कम्पेरेबल<? सुपर टी>’ लिहिलेलं आहे. म्हणजे तुलना स्वतःच्या टाइपशी जाहीर केलेली असो की आजोबाच्या, यादी लावली जाईल. रचणाऱ्यांना ही अडचण आधीच दिसली होती आणि त्यांनी तिच्यासाठी दार ठेवलं. कांदा आणि मका एका यादीत रकमेप्रमाणे लावायचे आहेत? दोघांना ‘हिशोबपट्टी’ हा एक वरचा क्लास द्या आणि ‘कम्पॅरेटर<हिशोबपट्टी>’ लिहा. तोही नेमका टाइपच आहे, फक्त विचारपूर्वक निवडलेला. जावातली खरी लवचीकता अशी मिळते. ‘ऑब्जेक्ट’ लिहून मिळतं ते मोकळं सुटणं, त्याला लवचीकता म्हणणं चूक आहे.

नेमका टाइप लिहिल्याने आणखी एक गोष्ट होते, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. माणसाला विचार करावा लागतो. दोन कांदापट्ट्यांत ‘लहान’ कोणती? कमी भावाची, कमी वजनाची की आधी फाडलेली? गोल्टीच्या आणि मोठ्या कांद्याच्या पट्टीची भावावरून तुलना करणं बाजारात तरी बरोबर ठरतं का? ‘ऑब्जेक्ट’ समोर असताना हे प्रश्न उगवतच नाहीत. जावाच्या ‘बिगडेसिमल’ला या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं: 1850.0 आणि 1850.00 हे तिच्या ‘कम्पेअरटू’ला सारखे, पण ‘इक्वल्स’ला वेगळे. त्यामुळे ‘हॅशसेट’मध्ये ते दोन राहतात आणि ‘ट्रीसेट’मध्ये एकच. भावाचे आकडे सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये हे माहीत नसेल तर बेरजा चुकतील. आणि हे माहीत व्हायचं तर ‘बिगडेसिमल’ कोणाशी, कशी तुलना करते हे वाचण्याची सवय हवी. ती सवय पहिल्या कंसापासून लागते.

लॅम्बडाबद्दल फार बोलायची गरज नाही. 2014 च्या मार्चमध्ये जावा 8 बरोबर ते आले आणि क्लास लिहिण्याची कटकट कमी झाली, टाइप ठरवण्याची नाही. ‘कम्पॅरेटर<कांदापट्टी>’ असं डावीकडे लिहिलेलं असतं म्हणूनच उजवीकडच्या लॅम्बडातला ‘अ’ आणि ‘ब’ कांदापट्टी आहेत हे कंपायलरला कळतं. शिवाय लॅम्बडा आपला कंस क्लाससारखा जपून ठेवत नाही. स्प्रिंगमध्ये ‘कन्व्हर्टर’ लॅम्बडाने लिहून नुसता नोंदवायला गेलं, तर कुठल्या टाइपमधून कुठल्या टाइपमध्ये न्यायचं ते ठरवता येत नाही अशी तक्रार येते. तिथे टाइप वेगळे द्यावे लागतात, नाहीतर नेमके टाइप लिहिलेला क्लासच लागतो. ‘एआय लिहून देतं’ म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर आहे. लिहून आलेली पहिली ओळ बरोबर आहे की नाही, हे ज्याला वाचता येत नाही त्याने ती कोणाच्या भरवशावर बाजार समितीच्या खिडकीत लावायची?

आता ‘वैजापूरच्या पोराला’. या मताच्या मुळाशी तेच आहे, बाकीचे मुद्दे त्याला नंतर जोडलेले आहेत. रोटेगाव स्टेशनवर गाडीत बसून बाहेर पडणाऱ्या मुलाला कमी शिकवलेलं चालतं, कारण तो लहान गावातून आलेला आहे, असं हे म्हणणं आहे. मला हे अन्याय्य वाटतं आणि ते खोटंही आहे. इथली मुलं कोनी कंस आणि दोन टाइप समजण्याइतकी हुशार नाहीत, याचा पुरावा कोणी दिला? मराठी माध्यमातून आल्याने कंपायलरच्या इंग्रजी ओळी त्यांना जड जातात, हे खरं. पण त्याचा उपाय त्या ओळी मराठीत उलगडून सांगणं आहे, दुर्लक्ष करायला शिकवणं नाही. आणि जी मुलं बाहेर जाणार नाहीत, त्यांचं काय? ती इथल्या अडतीचा, पतसंस्थेचा, दूध संकलन केंद्राचा प्रोग्राम लिहितील. मोठ्या कंपनीत चुका पकडायला टेस्टिंगचा वेगळा विभाग असतो. इथे त्या मुलाच्या आणि शेतकऱ्याच्या पैशांच्या मध्ये कंपायलरशिवाय कोणी नाही. काटेकोर टाइपची गरज उलट इथेच जास्त आहे. ज्याच्यापाशी एकच राखणदार आहे, त्याला तुम्ही त्या राखणदाराकडे बघू नकोस म्हणून सांगता?

म्हणून माझं मागणं सरळ आहे. प्रत्येक लॅबमध्ये कंपाइल करताना ‘-एक्सलिंट:ऑल’ आणि ‘-डब्ल्यूएरर’ हे दोन पर्याय लावा, म्हणजे कोरा कंस ही सूचना न राहता चूक ठरेल आणि प्रोग्राम पुढे जाणार नाही. कंसाविना लिहिलेला ‘कम्पेरेबल’ प्रात्यक्षिकाच्या वहीत दिसला तर गुण देऊ नका, मुलाला बोलावून तो का चुकला ते समजावा. तोंडी परीक्षेत व्याख्या विचारण्याऐवजी त्याच्यापुढे एक इंटरफेस ठेवा, क्लासची पहिली ओळ लिहायला सांगा, आणि विचारा की यातून कोणती ब्रिज मेथड निघेल. हे सगळं येत्या सत्रापासून, वैजापूरपासून सुरू व्हायला हवं.